मयताचे खाते कोणाचे?

नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमधल्या फलुजात वीस वर्षांचा एक अमेरिकी मरीन मारला गेला. त्याचे ई-मेल याहूवर होते. वडिलांनी ते मागितले, तेव्हा कंपनीने अटींवर बोट ठेवले : खाते दुसऱ्याच्या नावावर होत नाही, धारकाबरोबर संपते. एप्रिल २००५ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने आदेश दिल्यावर मेलची सीडी वडिलांच्या हाती पडली. पासवर्ड मात्र मिळाला नाही.

यात नुसता आडमुठेपणा नव्हता. साठवलेला पत्रव्यवहार संमतीशिवाय उघड करायला अमेरिकेत १९८६ च्या कायद्याची आडकाठी आहे, आणि गेलेला माणूस संमती देणार कशी? मग ती हयातीतच घेऊन ठेवण्याची सोय निघाली. एप्रिल २०१३ मध्ये गूगलने निष्क्रिय खात्यासाठी दहापर्यंत माणसे नेमू दिली, २०१५ मध्ये फेसबुकने वारस-संपर्क, म्हणजे आपल्या मागे खाते सांभाळायला नेमलेला माणूस, आणला, डिसेंबर २०२१ मध्ये ॲपलनेही. फेसबुकच्या वारस-संपर्काला मयताचे खासगी संदेश मात्र वाचता येत नाहीत.

नेमका तोच मुद्दा जर्मनीत गाजला. २०१२ मध्ये बर्लिनला पंधरा वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली गेली. अपघात की आत्महत्या, हे आईवडिलांना तिच्या संदेशांतून शोधायचे होते. पण फेसबुकने खाते स्मृतिखाते, म्हणजे नुसते आठवणीपुरते उरलेले, कोणालाच लॉगिन न करता येणारे खाते, करून टाकलेले, त्यामुळे पासवर्ड ठाऊक असूनही आत जाता येईना. १२ जुलै २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की पत्रे आणि रोजनिशी जशी वारसांकडे जातात, तसे हे खातेही जाते. त्यावर कंपनीने चौदा हजारांहून अधिक पानांची पीडीएफ पेनड्राइव्हवर घालून दिली! एवढ्याने भागत नाही, खाते उघडूनच द्या, हे न्यायालयाला २०२० मध्ये पुन्हा सांगावे लागले.

भारताने निवडला तो नॉमिनीचा मार्ग. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम १४ मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी माणूस नेमू देते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण हे कलम त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायचे आहे. आणि हक्क तरी कोणते? डेटाचा गोषवारा मागणे, दुरुस्ती करवून घेणे, तो पुसायला लावणे. आईच्या मेलमधले फोटो यातून हाती लागतील, असे कलम वाचून तरी वाटत नाही.

शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेचा वाद मुंबईतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि डिसेंबर २०२३ च्या निकालात शेअर व म्युच्युअल फंडांबाबत हेच ठरले : नॉमिनी सांभाळतो, मिळते ते वारसांना. मेल आणि फोटोंबद्दल असा निवाडा झालेला नाही, पण वारसाहक्काच्या वादात नॉमिनेशनवर फार विसंबता येणार नाही, असे मला वाटते.

मग मृत्युपत्रातच लिहावे, तर ते कागदावरच हवे : इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांना मान्यता देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधून मृत्युपत्र वगळलेले आहे, आणि साध्या मृत्युपत्राला १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. फोनच्या नोट्समध्ये लिहिलेली ‘हे सगळं मुलीला द्या’ ही ओळ त्यात बसत नाही. म्हणून घरोघरी चालतो तो तिसराच उपाय : ओटीपी येत राहावा म्हणून गेलेल्या माणसाचे सिम रिचार्ज करत राहायचे. त्या ओटीपीवर मयताचे बँक खाते चालवणे तर सरळ नियमबाह्य आहे.