श्रीमंताला किडनी आधी मिळते?

‘पैसा फेकला की किडनीचा नंबर वर सरकतो’ हे व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय. यादी तशी चालत नाही.

मुंबई, पुणे, नागपुरात मेंदूमृत दात्याचे अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत वाटले जातात. आधी रक्तगट बघतात, मग गुण. ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेच्या निकषांत डायलिसिसवर काढलेल्या काळाचे गुण आहेत. हातातले फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट) एकामागून एक निकामी झाले असतील तर जादा गुण. लहान मुलांना काही. आणि ज्यानं पूर्वी स्वतःची किडनी दान केली होती त्यालाही. (हा नियम मला सगळ्यांत न्याय्य वाटतो.) पगाराचा रकाना नाही. दाता मेंदूमृत आहे हे चार डॉक्टर ठरवतात, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून. प्रत्यारोपण करणाऱ्यांना त्या चौघांत जागा नसते.

मग संशय येतो कुठून? पैसा आडवा येतो तो यादीच्या आधी. नाव नोंदवायचं तर परवाना असलेलं रुग्णालय गाठावं लागतं, ऑपरेशनचा खर्च आणि पुढे जन्मभराच्या गोळ्या. गडचिरोलीचा शेतमजूर रांगेत मागे पडत नाही. बहुतेकदा तो रांगेपर्यंत पोचतच नाही.