किंग्यो-सुकुई

जपानमधील उन्हाळी जत्रांत खेळला जाणारा, कागदी चाळणीने पाण्यातले गोल्डफिश उचलण्याचा खेळ. जुलै-ऑगस्टमध्ये मंदिरांच्या आवारात आणि आसपासच्या रस्त्यांवर जत्रा भरतात. संध्याकाळी कंदील लागतात, युकाता म्हणजे उन्हाळी सुती किमोनो घातलेली मुले यताई म्हणजे फिरत्या दुकानांभोवती जमतात आणि उथळ, निळसर टाकीपाशी उकिडवी बसतात.

खेळाचे साधन म्हणजे ‘पोई’. प्लास्टिकच्या मूठ असलेल्या गोल कड्यावर पातळ कागद ताणून चिकटवलेला असतो. कागदाच्या जाडीला क्रमांक असतात आणि क्रमांक जितका मोठा तितका कागद पातळ. ७ क्रमांकाची पोई नवख्याच्या हातात क्षणभरही टिकत नाही. फाटायचेच असलेल्या कागदाकडून जास्तीत जास्त काम करून घेणे, यातच या खेळाची सारी गंमत आहे.

त्याचे तंत्र खरोखर विचार करण्यासारखे आहे. कागद थोडाथोडा भिजला तर कोरड्या-ओल्या भागांच्या सीमेवर फाटतो, म्हणून पोई सुरुवातीलाच पूर्ण बुडवतात. ती पाण्यात तिरकी घालतात आणि आडवी सरकवतात. सरळ वर उचलली की पाण्याचा सगळा भार कागदावर येतो. मासा पृष्ठभागाजवळचा निवडावा, शेपटी कागदाबाहेर ठेवावी, कारण तिच्या फटकाऱ्याने भोक पडते, आणि त्याला कड्याच्या काठाजवळ घेऊन लगेच वाडग्यात सोडावा. वाडगाही पाण्यालगतच धरतात. डोळे बाहेर आलेला काळा देमेकिन जातीचा गोल्डफिश मुलांना भुरळ घालतो, पण तो जड असल्याने बहुतेकांची पोई त्याच्यापायीच जाते. कागदाला भोक पडले तरी डाव संपत नाही; उरलेल्या तुकड्यावर जाणकार आणखी कितीतरी मासे उचलतात.

एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात हा खेळ जाळीने खेळत. कागद नंतर आला. टाकीतले लहान तांबडे मासे बहुधा वाकिन जातीची पिल्ले असतात. त्यांच्या पैदाशीसाठी नारा प्रांतातील यामातो-कोरियामा शहर प्रसिद्ध आहे. १७२४ मध्ये यानागिसावा योशिसातो या सरदाराची काई प्रांतातून तेथे बदली झाली, तेव्हा गोल्डफिशही सोबत आले, असे तेथील परंपरा सांगते. मेइजी काळात (१८६८–१९१२) सामुराईंचे वेतन बंद झाल्यावर गोल्डफिश पैदाशीचा हा जोडधंदा अनेकांच्या उपजीविकेचा आधार ठरला. शेतीच्या तलावांतील सूक्ष्मजीव पिलांना आयते खाद्य म्हणून मिळत. १९९५ पासून या शहरात राष्ट्रीय स्पर्धा होते. ३ मिनिटांत एका पोईने सर्वाधिक मासे उचलणारा जिंकतो.

याच रांगेत इतर खेळही असतात. योयो-त्सुरीत कागदाच्या पिळाला बांधलेल्या आकड्याने पाण्यावर तरंगणारे फुगे उचलतात. शातेकीत बुचाच्या गोळीने बक्षीस पाडतात. कातानुकीत पिठा-साखरेच्या ठिसूळ पट्टीवर कोरलेला आकार टाचणीने न मोडता सोडवतात. तो पूर्ण निघाला तर बक्षीस मिळते.

जिंकलेला मासा पिशवीत घरी जातो, आणि खरी जबाबदारी तिथून सुरू होते. प्रवास व गर्दीने तो थकलेला असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकावे लागते, तापमान जुळेपर्यंत पिशवी टाकीत तरंगत ठेवावी लागते आणि सुरुवातीला खाणे बेतानेच द्यावे लागते. पाळण्याची सोय नसणाऱ्यांकडून काही दुकानदार मासे तेथेच परत घेतात.