भीतीने हात आखूड होतो

कातळावर उभं असताना एक पाय अचानक थरथरायला लागतो. टाच वर-खाली, वर-खाली, शिवणयंत्राच्या सुईसारखी. प्रस्तरारोहण करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं आणि अनेकांना त्याची लाज वाटते. ती वाटायचं कारण नाही. बोटभर खाचेत चवड्यावर सगळं वजन तोलून उभं राहिलं की पोटरी आधीच थकत आलेली असते. त्यात भीतीमुळे रक्तात ॲड्रेनॅलिन वाढतं आणि स्नायूंमध्ये एरवीही चालू असलेलं, पण न जाणवणारं बारीक कंपन मोठं होतं. टाच जरा खाली सोडली की बऱ्याचदा पाय शांत होतो.

पण भीती पायापाशी थांबत नाही. ती नजरेत शिरते.

नेदरलँड्समध्ये रॉब पायपर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार सुंदर प्रयोग केले. कृत्रिम भिंतीवर आडवे जाण्याचे दोन मार्ग आखले. एक जमिनीलगत, दुसरा बराच उंच. पकडी त्याच, त्यांच्यातली अंतरंही तीच. म्हणजे अवघडपणा तंतोतंत सारखा, फरक फक्त उंचीचा. तरीही वरच्या मार्गावर लोकांच्या हृदयाचे ठोके वाढले, वेळ जास्त लागला, तीच पकड पुन्हा पुन्हा चाचपली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी विचारलं, तुमचा हात कुठवर पोचेल? उंचावरच्या माणसांनी अंदाज कमी सांगितला आणि त्यांचा हात खरोखरच कमी पोचला. भिंतीवर आजूबाजूला पाडलेले प्रकाशाचे ठिपकेही त्यांच्या नजरेतून जास्त निसटले. ‘पुढे पकडच नाही’ असं आपण वरून ओरडतो आणि खालच्याला ती स्पष्ट दिसत असते, त्याचं उत्तर मला इथे सापडलं.

मग येते मूठ. घाबरलेला माणूस गरजेपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. आवळलेले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात, रक्त पुरत नाही, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात फुगून दगडासारखा होतो आणि शेवटी बोटं उघडतात. पडू नये म्हणून धरलेली मूठच माणसाला पाडते.

अशा वेळी खालून बिले देणारा, म्हणजे आपला दोर सांभाळणारा साथीदार, ‘श्वास घे!’ म्हणून ओरडतो, तो सल्ला अगदी शास्त्रशुद्ध आहे. अवघड जागी आपण नकळत श्वास रोखून धरतो. सावकाश, लांब उच्छ्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती उतरते. ठोके उतरले की नजर पुन्हा आजूबाजूला फिरू लागते.

दोराच्या भरवशावर मुद्दाम पडण्याचा सरावही करतात. त्याने भीती पुसली जात नाही. जुनी आठवण मेंदूत तशीच राहते, तिच्यावर ‘पडलो, दोराने धरलं’ ही नवी आठवण बसते. ही नवी शिकवण मात्र जागेला बांधलेली असते. म्हणून पुण्यातल्या कृत्रिम भिंतीवर बिनधास्त उड्या मारणारा मुलगा सह्याद्रीतल्या तैलबैलाच्या कातळभिंतीवर गोठतो. तिथे त्याला भित्रा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट अनेक ठिकाणी ठिसूळ असतो, पकड ठोकून तिचा आवाज ऐकावा लागतो, पोकळ वाजली तर सोडून द्यावी लागते. खाली पायरीसारखे टप्पे असतात, त्यांवर आदळलं तर हाडं मोडतात. पडण्याचा सराव इथे करू नये. इथली भीती पुष्कळदा खरंच सांगत असते.

ॲलेक्स हॉनोल्ड या अमेरिकन आरोहकाच्या मेंदूचं चित्रण मेंदूशास्त्रज्ञ जेन जोसेफ यांनी केलं होतं. अस्वस्थ करणारी चित्रं दाखवूनही, धोक्याची दखल घेणाऱ्या त्याच्या ॲमिग्डाला या मेंदूतल्या भागात हालचाल दिसली नाही. जन्मतःच तसा, की वर्षानुवर्षांच्या सरावाने झालेला, हे एका चित्रणावरून ठरत नाही. ३ जून २०१७ रोजी त्याने अमेरिकेतल्या योसेमिटीचा सुमारे ९०० मीटरचा एल कॅपिटन हा कडा दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला. त्याआधी तोच मार्ग त्याने दोर लावून कितीतरी वेळा घोकला होता. आणि २०१६च्या शरदात तो एकदा विनादोर निघालाही होता. खालच्या टप्प्यातल्या गुळगुळीत कातळावर त्याला पावलाचा भरवसा वाटेना. तो तिथूनच मागे फिरला.