उंचीवरील स्कूबा डायव्हिंग

समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवरच्या गोड्या पाण्यात, पाठीवर दाबाखालच्या हवेची टाकी घेऊन मारलेली बुडी. डोंगरातली थंड, नितळ सरोवरे ही तिची नेहमीची जागा. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांच्या पथकाने १९६८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या, ३,८१२ मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवराचा तळ धुंडाळला होता. मराठवाड्यात असे सरोवर नाही, पण सारा मुलूखच पठारावर आहे. पैठणचा नाथसागर पूर्ण भरतो तो १५२२ फुटांवर, म्हणजे सुमारे ४६४ मीटरवर; तिथली बुडीही याच व्याख्येत बसते.

उंचीवर हवेचा दाब कमी असतो. खोल पाण्यात रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन वर येताना बाहेर पडू लागतो, आणि पृष्ठभागावरचा दाब जितका कमी तितके त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता जास्त. म्हणून ३,००० मीटर उंचीवरची २० मीटरची बुडी समुद्रातल्या जवळपास २८ मीटरच्या बुडीइतकी धरावी लागते. नाथसागरावर हा फरक थोडा असला तरी शून्य नाही.

थंडी हा वेगळा धोका. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे खोल पर्वतीय सरोवरांच्या तळाशी उन्हाळ्यातही साधारण तेवढेच तापमान राहते. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. पाणी आत शिरू देणारा साधा ओला सूट पुरत नाही, अंगाला पाणी लागू न देणारा कोरडा सूट लागतो. टाकीतली हवा प्रसरण पावताना गार होते, ती तोंडापर्यंत पोचवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो आणि हवा सतत वाहू लागते.

विहिरीत सूर मारून तळ गाठणाऱ्या पोरांना दम रोखायची सवय असते. पाण्याची भीती गेलेली असणे फार मोलाचे आहे, पण टाकीसह बुडताना हीच सवय जीवघेणी ठरते. तळाशी घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास रोखला तर फुप्फुस फाटते, तेही अगदी उथळ पाण्यात. श्वास अखंड चालू ठेवणे हा पहिला धडा.

मराठवाड्यातली माणसे स्कूबासाठी बहुधा तारकर्ली-मालवणला जातात. तिथल्या पर्यटकांच्या छोट्या, उथळ बुड्यांत धोका कमी. खोल बुड्या मारणाऱ्याने मात्र परतीची गाडी लगेच धरू नये. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि घाट चढणे म्हणजे दाब आणखी कमी करणे. विमानप्रवासाआधी एका बुडीनंतर १२ आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबण्याची शिफारस आहे. घाटवाटेलाही तीच लावणे शहाणपणाचे. गावी पोचल्यावर सांधे दुखू लागले, हातापायाला मुंग्या आल्या, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नये; ती नायट्रोजनच्या बुडबुड्यांची लक्षणे असू शकतात. ताबडतोब ऑक्सिजन द्यावा आणि डॉक्टरांना बुडीची खोली व वेळ सांगावी.