स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व जखम : मुंबईतील रुग्णसंशोधन

स्तनातली गाठ किंवा सबंध स्तन काढल्यावर जखम कशी भरते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी केलेल्या उपायांमुळे आजार उलटण्याचे प्रमाण घटते का, याचा रुग्णांच्या सहभागाने होणारा अभ्यास. मुंबईत त्याचे मुख्य केंद्र परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) हे आहे.

येथील डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०११ पासून देशातील ११ केंद्रांत लिग्नोकेनची चाचणी घेतली. दात काढताना देतात तेच हे बधिरतेचे औषध. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटात गाठ काढण्यापूर्वी ७ ते १० मिनिटे तिच्या चहूबाजूंनी ०.५ टक्के लिग्नोकेन टोचले. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण या गटात ८६.६ टक्के, तर दुसऱ्यात ८२.६ टक्के भरले. हयात असलेल्यांचे अनुक्रमे ९०.१ व ८६.४ टक्के. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या स्वस्त औषधाची एवढी मोठी परीक्षा औषध कंपन्या सहसा घेत नाहीत, हे या कामाचे खरे मोल.

कधी शस्त्रक्रिया न करणेच हिताचे ठरते. आजार इतर अवयवांत पसरलेल्या ३५० स्त्रियांच्या चाचणीत (२००५–१३) स्तनातली गाठ काढल्याने आयुष्य वाढले नाही. चिघळलेल्या किंवा रक्त वाहणाऱ्या गाठीची गोष्ट वेगळी.

काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्यावर कातडीखाली पोकळी राहते व तिथे पाणी साठते. त्याला सेरोमा म्हणतात. ते बाहेर काढणारी ड्रेनची नळी लावूनच अनेकींना घरी सोडतात. घरची कुणी मुलगी किंवा जाऊ रोज ठरल्या वेळी नळीला जोडलेला डबा मोजपात्रात रिता करते आणि आकडा वहीत लिहिते. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरहून कमी पाणी आले की नळी काढतात. जखमेत पू झाला किंवा कातडीची कड काळी पडली, की केमो लांबते. म्हणून या नोंदींना महत्त्व. मधुमेह, लठ्ठपणा व धूम्रपान यांमुळे जखम भरायला वेळ लागतो. आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न विचारताना मिश्रीचे नाव घ्यायलाच हवे, नाहीतर उत्तर ‘नाही’ असेच येते.

जखमेतला जंतुसंसर्ग शस्त्रक्रियेनंतर सहसा किमान ३० दिवसांपर्यंत मोजतात. परगावची बाई तोवर गावी परतलेली असते. तिथे फोन करून विचारपूस केली नाही, तर गावच्या दवाखान्यात उघडलेली जखम मुंबईच्या नोंदीत येतच नाही.