एक वर्ष, दोन वर्षं आणि जन्मभर : मिस्डिमीनर आणि अमेरिकेतला बंदुकीचा हक्क

किरकोळ गुन्ह्यापायी बंदूक बाळगण्याचा हक्क जावा का, या अमेरिकेतल्या वादात सगळ्यांचं बोट १९९६ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या दुरुस्तीकडे जातं. पण त्याआधी अठ्ठावीस वर्षं काही मिस्डिमीनरवाले बंदुकीला मुकतच होते, आणि त्यातल्या कित्येकांच्या गुन्ह्यात कुणाच्या अंगाला धक्काही लागला नव्हता. फेलनी म्हणजे गंभीर आणि मिस्डिमीनर म्हणजे किरकोळ, ही रोजच्या बोलण्यातली वाटणी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, बंदूक कायद्याने कधीच पुरती मानलेली नाही.

१९३८ च्या कायद्यात बंदी होती ती हिंसक गुन्ह्यांतल्या दोषींवर. १९६१ मध्ये ‘हिंसक’ ही अट गेली आणि तिच्या जागी ‘एक वर्षाहून जास्त कैदेस पात्र गुन्हा’ आला. गुन्ह्याचं स्वरूप बाजूला पडून शिक्षेची लांबी मोजायला सुरुवात झाली ती तिथे. १९६८ च्या कायद्याने हीच रेषा कायम ठेवली आणि दोन अपवाद जोडले. मक्तेदारी आणि अनुचित व्यापारी प्रथांचे गुन्हे कितीही मोठे असले तरी मोजायचे नाहीत, हा एक. राज्याने ज्याला मिस्डिमीनर म्हटलं आहे आणि ज्याची कमाल शिक्षा दोन वर्षं किंवा कमी आहे, असा गुन्हाही मोजायचा नाही, हा दुसरा. पहिल्या अपवादाचा फायदा कुणाला, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्यात खरी मेख आहे. बघायची ती प्रत्यक्ष झालेली शिक्षा नव्हे, कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली कमाल शिक्षा. आणि राज्यांनी आपापल्या मिस्डिमीनरच्या कमाल मर्यादा ठरवल्या त्या फेडरल बंदूक कायदा डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. पेनसिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिस्डिमीनरला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कारागृहातली कमाल मुदत अडीच वर्षं, त्यामुळे साधी मारहाणही दोन वर्षांच्या रेषेपलीकडे जाते. त्याच राज्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १९९४ मध्ये दोनवरून अडीच वर्षं झाली. एवढ्या सहा महिन्यांच्या वाढीने, पहिल्याच खेपेला पकडला गेलेला, एक दिवसही आत न गेलेला चालक फेडरल कायद्याने जन्मभर बंदुकीला अपात्र झाला. दारूच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली गेली रस्त्यावरच्या मृत्यूंमुळे. बंदुकीचा तिथे काही संबंध नव्हता.

मेरीलँडचा प्रकार आणखी विचित्र. तिथे हल्ला हा जुन्या ‘कॉमन लॉ’तला, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यातला, मिस्डिमीनर होता आणि बराच काळ त्याला लेखी कमाल मर्यादाच नव्हती. मर्यादा नाही म्हणजे दोन वर्षांच्या आत आहे असं म्हणता येत नाही, म्हणजे अपवाद लागू नाही. १९६८ मध्ये रस्त्यावरच्या हाणामारीत शंभर डॉलर दंड भरून सुटलेला एक वीस वर्षांचा नौसैनिक पुढे व्हिएतनामला जाऊन आला. चाळीस वर्षांनी त्याला भेट म्हणून घेतलेली शॉटगन पार्श्वभूमी तपासणीत अडकली. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने बंदी योग्य ठरवली.

१९८६ ची दुरुस्ती बंदूकमालकांच्या बाजूची म्हणून ओळखली जाते. शिक्षा रद्द झाली, माफी मिळाली किंवा ‘नागरी हक्क परत मिळाले’ तर तो गुन्हा मोजायचा नाही, असं तिने घातलं. या ‘परत मिळाले’ शब्दांनी जेवढा गोंधळ घातला तेवढा या कायद्यातल्या दुसऱ्या कशानेही घातला नसेल.

नागरी हक्क म्हणजे तीन : मतदान, ज्युरीत बसणं आणि सार्वजनिक पद भूषवणं. फेलनीत दोषी ठरलेल्या माणसाचे हे हक्क बहुतेक राज्यांत जातात, आणि कित्येक राज्यांत शिक्षा पूर्ण झाल्यावर किंवा ठरावीक वर्षांनी परत येतात. ते परत आले, आणि राज्याने बंदुकीवर वेगळी बंदी ठेवलेली नसली, की फेडरल बंदीही उठते. मिस्डिमीनरमध्ये दोषी ठरलेल्याचे हे हक्क सहसा मुळात जातच नाहीत. मग परत काय येणार? २००७ मध्ये विस्कॉन्सिनचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात आला. आरोपीच्या नावावर मारहाणीचे तीन मिस्डिमीनर होते. वारंवार गुन्हा केल्यामुळे त्यांची कमाल शिक्षा तीन-तीन वर्षांवर गेली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं : ज्याचे हक्क जाऊन परत आले त्याला सूट आणि ज्याचे कधी गेलेच नाहीत त्याला नाही, हा कुठला न्याय? न्यायालयाने एकमताने उत्तर दिलं की ‘परत मिळणं’ म्हणजे आधी गेलेलं मिळणं. युक्तिवाद मान्य केला तर मेनसारख्या राज्यात, जिथे कुणाचेच नागरी हक्क जात नाहीत, खुनाच्या दोषीलाही सूट द्यावी लागेल, असंही न्यायालयाने दाखवलं.

व्याकरणाला धरून हा निकाल बरोबर आहे. परिणाम मात्र असा की काही राज्यांत मोठा गुन्हा केलेल्याला बाहेर पडायला दरवाजा आहे आणि लहान गुन्हा केलेल्याला भिंत. ही उलटी उतरंड काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, माहीत नव्हती असंही नाही, कारण १९९६ ची दुरुस्ती लिहिताना तिने ‘त्या गुन्ह्याने नागरी हक्क जात असतील तरच’ असे शब्द मुद्दाम टाकून तोच दरवाजा घरगुती मारहाणीच्या दोषींना जवळजवळ बंद केला. मिस्डिमीनरला दया कमी दाखवायची हे जाणूनबुजून ठरवलं गेलं, आणि या वादाच्या बहुतेक मांडण्यांत हे नीट सांगितलंच जात नाही.

उरलेल्या वाटाही अरुंद आहेत. वायोमिंगने २००४ मध्ये खास यासाठीच कायदा केला : किरकोळ घरगुती मारहाणीची नोंद न्यायालयाकडून पुसून घ्या आणि बंदूक ठेवा. बंदूक कायदा राबवणाऱ्या फेडरल यंत्रणेने सांगितलं की नोंद राज्याच्या दप्तरात जागच्या जागी असते आणि पुढच्या गुन्ह्यात वापरता येते, तेव्हा ती पुसली असं म्हणता येत नाही. २००८ मध्ये अपील न्यायालयाने यंत्रणेची बाजू उचलून धरली. कॅलिफोर्नियात प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची मुदत) पूर्ण झाल्यावर खटला काढून टाकण्याचा जो आदेश सर्रास मिळतो, त्याने नोकरीच्या अर्जात मदत होते, बंदुकीत नाही. कायद्यातच तसं लिहिलं आहे. लोक हा आदेश हातात घेऊन दुकानात जातात आणि नकार घेऊन परत येतात.

बंदी उठवण्यासाठी केंद्राकडे थेट अर्ज करण्याची तरतूद १९६५ पासून आहे. ती आली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. एका मोठ्या बंदूक उत्पादक विभागाच्या मालक कंपनीने औषधांच्या निर्यातीतल्या लाचखोरीत दोष कबूल केला होता. कंपनीच ‘दोषी’ ठरल्याने कारखान्याला टाळं लागायची वेळ आली. तिच्यासाठी काढलेली पळवाट मग सगळ्यांना खुली झाली. १९९२ पासून काँग्रेसने दरवर्षीच्या अर्थसंकल्पात व्यक्तींच्या अर्जांच्या छाननीवर खर्च करायला मनाई केली. कंपन्यांचे अर्ज मात्र चालूच राहिले. अर्ज निकालातच निघत नाही म्हणजे तो नाकारला असं समजून न्यायालयात जाता येईल का, तर नाही, असं २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

आता १९९६ कडे. घरगुती मारामारीचे बहुतेक खटले तडजोडीने मिस्डिमीनरवर येऊन संपतात : साक्षीदार तीच, जिला आरोपीबरोबर परत घरी जायचं असतं. त्यामुळे फेलनीची रेषा तिथे पोचतच नव्हती. ३० सप्टेंबर १९९६ ला एका भल्यामोठ्या खर्च विधेयकात ही दुरुस्ती मंजूर झाली. पती-पत्नी, माजी पती-पत्नी, मुलांचे आई-वडील, पालक आणि एकत्र राहणारे, यांच्याविरुद्ध शारीरिक बळाचा वापर हा ज्या मिस्डिमीनरचा घटक आहे, त्यात दोषी ठरलेल्याला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई. मुदत नाही. आधीच्या शिक्षाही मोजायच्या. दोष सिद्ध होताना वकील होता किंवा तो हक्क समजून-उमजून सोडला होता, अशी एक अट.

सर्वांत जास्त ओरड झाली ती पोलिसांत. सरकारी कामासाठी दिलेल्या हत्याराला फेडरल बंदीतून जी जुनी सूट होती, ती या एका कलमापुरती काढून घेतली गेली. फेलनीतला दोषी पोलीस निदान फेडरल कायद्याने ड्युटीवरची बंदूक ठेवू शकतो, बायकोला मारल्याचा मिस्डिमीनर असलेला नाही, असा उफराटा प्रकार झाला. १९९८ मध्ये एका अपील न्यायालयाने हे समानतेच्या विरुद्ध ठरवलं आणि पुढच्याच वर्षी फेरसुनावणीत स्वतःचा निकाल फिरवला. सैन्यात आजही शस्त्र हाताळणाऱ्याला अशी शिक्षा झालेली नाही, असा फॉर्म भरून द्यावा लागतो.

अंमलबजावणी अडते ती कागदात. राज्याच्या दप्तरात गुन्ह्याचं नाव नुसतं ‘बॅटरी’ (मारहाण) असतं. मार खाणारी बायको होती की शेजारी, हे तिथे नसतं. दुकानदाराने तपासणी केली की उत्तर तीनच प्रकारचं येतं : द्या, थांबा, देऊ नका. ‘थांबा’ आलं की तपासणाऱ्याने त्या काउंटीच्या न्यायालयातून आरोपपत्र, कबुलीजबाब किंवा निकालाची प्रत मागवायची. कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. जुन्या मायक्रोफिल्मवरची नोंद असेल, तर तीन दिवस कुठल्या कुठे जातात. मग बंदूक परत मिळवायला माणूस पाठवावा लागतो. नातं गुन्ह्याच्या व्याख्येत असण्याची गरज नाही, पण फेडरल खटल्यात ते निःसंशय सिद्ध करावं लागतं, असं २००९ मध्ये ठरलं. नकोसा स्पर्शही ‘बळ’ ठरू शकतो, हे २०१४ मध्ये. बेपर्वाईने केलेली इजाही चालते, हे २०१६ मध्ये. या शेवटच्या सुनावणीत दहा वर्षं प्रश्न न विचारलेल्या एका न्यायमूर्तींनी तोंड उघडून विचारलं : मिस्डिमीनरमुळे घटनात्मक हक्क निलंबित होतो असं दुसरं एखादं उदाहरण देता का? सरकारी वकिलाला जुळणारं उदाहरण देता आलं नाही.

शिक्षा झाल्यावर घरातल्या बंदुकांचं काय, यावर फेडरल कायदा जवळजवळ गप्प आहे. कुणी, किती दिवसांत, कुठे जमा करायच्या हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं, आणि काही राज्यं काहीच ठरवत नाहीत. बंदूक विकता येते, दुसऱ्याला देता येते; पण ती त्याच्या ताब्यात राहता कामा नये. भावाच्या तिजोरीत ठेवली आणि तिजोरीचा आकडा आपल्याला माहीत असला, तर ताबा आपलाच धरला जाऊ शकतो. मोटारीच्या डिकीत विसरलेलं एक काडतूसही पुरतं.

२०२२ मध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. २५ जूनला झालेल्या कायद्याने एकत्र न राहणारे प्रेमसंबंधातले जोडीदारही कक्षेत आणले, पण फक्त पुढच्या शिक्षांसाठी. एकच शिक्षा असेल तर पाच वर्षांनी ही बंदी आपोआप सुटते. मिस्डिमीनरला मुदत घालण्याची कल्पना फेडरल कायद्यात आली ती इथे. कॅलिफोर्निया मात्र आपल्या कायद्यातल्या यादीतल्या मिस्डिमीनरना दहा वर्षांची बंदी फार आधीपासून लावतं. त्याच वर्षी मार्चमध्ये शहरांच्या स्थानिक नियमांखालच्या शिक्षाही धरल्या गेल्या; त्याआधी त्या निसटत होत्या. आणि २५ जूनच्या दोन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की बंदुकीवरचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे. वकील मग सतराव्या-अठराव्या शतकात शिरले : अविश्वासू ठरवलेल्यांची शस्त्रं काढून घेणं, शांतता राखण्याचा जामीन वगैरे. २०२४ मध्ये या जामिनाच्या कायद्यांचाही आधार घेऊन, कौटुंबिक हिंसाचाराच्या मनाईहुकुमाखाली असलेल्याची बंदी आठ विरुद्ध एक मतांनी टिकली.

किरकोळ मारहाणीची बंदी त्यामुळे तूर्त भक्कम दिसते. डळमळते आहे ती जुनी, शिक्षेची लांबी मोजणारी. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनियात गवत कापून आठवड्याला ३०० डॉलर मिळवणाऱ्या एका बापाने फूड स्टॅम्पच्या (गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) अर्जात उत्पन्न दडवलं. २,४५८ डॉलर परतफेड, शंभर डॉलर दंड, तीन वर्षं प्रोबेशन. गुन्हा मिस्डिमीनर, कमाल शिक्षा पाच वर्षं. तीन वर्षांनी बंदूक घेताना नकार आला तेव्हा काहीतरी चूक असेल असंच त्याच्या बायकोला वाटलं. २०२३ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्याच्यापुरती बंदी घटनाबाह्य ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडून फेरविचारासाठी परत आलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेरा विरुद्ध दोनने तोच निकाल पुन्हा लागला. इतर काही अपील न्यायालयांनी मात्र गुन्हा कुठला हे न बघता बंदी कायम ठेवली आहे, म्हणून तोच गुन्हा एका राज्यात माफ आणि दुसऱ्यात जन्मभराचा. मार्च २०२५ मध्ये १९६५ च्या त्या अर्जांचे अधिकार, ज्या यंत्रणेच्या हाताला खर्चबंदी होती तिच्याकडून काढून, न्याय खात्याच्या प्रमुखांकडे देणारा नियम निघाला.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना यातली एक गोष्ट ठाऊक असावी. भारतातली शिक्षा या कलमांत मोजली जात नाही : कायद्यातल्या ‘कुठल्याही न्यायालयात’ या शब्दांचा अर्थ अमेरिकेतल्याच न्यायालयात, असं २००५ मध्ये ठरलं, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या व्याख्येत तर फेडरल, राज्य, आदिवासी व स्थानिक कायदा एवढेच आहेत. म्हणजे पुण्यात जुन्या ४९८अ (विवाहितेचा छळ) कलमाखाली झालेली शिक्षा न्यू जर्सीत बंदुकीची फेडरल बंदी आणत नाही. न्यू जर्सीत कबूल केलेली, बायकोला केलेली साधी मारहाण आणते, आणि ग्रीन कार्डावर असलेल्याला तीच कबुली हद्दपारीपर्यंतही नेऊ शकते. दंड भरून मोकळं व्हा, असं वकिलाने सांगितलं की सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : त्या कलमाची कमाल शिक्षा किती, आणि आरोपपत्रात समोरच्या माणसाशी नातं काय लिहिलं आहे.