८२३ वर्षांनी येणारा फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सुरू होणारं वर्ष

२०२६चा फेब्रुवारी रविवारी सुरू झाला आणि शनिवारी संपला. असा महिना आला की एक जुना निरोप हमखास फिरतो: "असा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो, पुढे पाठवा, घरात पैसा येईल." निरोप सपशेल खोटा आहे. अगदी असाच फेब्रुवारी २००९ मध्ये होता, २०१५ मध्ये होता आणि २०३७ मध्ये पुन्हा येणार आहे. प्रत्येक वार चार-चार वेळा येणं तर लीप नसलेल्या कुठल्याही फेब्रुवारीत घडतं, कारण २८ला ७ने पूर्ण भाग जातो.

८२३ हा आकडा तर मुळातच अशक्य आहे. आपल्या ग्रेगोरियन कॅलेंडरचा नियम शाळेत शिकलेलाच: ४ने भाग जाणारं वर्ष लीप, पण शतकी वर्ष असेल तर ४००ने भाग जायला हवा. त्यामुळे ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं येतात आणि एकूण दिवस होतात १,४६,०९७. याला ७ने भागा. उत्तर २०,८७१, बाकी शून्य! म्हणजे ४०० वर्षांनी तारखा आणि वार यांची सगळी मांडणी जशीच्या तशी पुन्हा सुरू होते. या कॅलेंडरात तारीख-वाराचा जो योग एकदा आला, तो ४०० वर्षांच्या आत परत यावाच लागतो.

हे चक्र संगणकाच्या फार उपयोगाचं आहे. दोन तारखांमधलं अंतर काढायचं, वार सांगायचा, मुदत मोजायची, ही सगळी कामं दिवसांना एका ओळीत क्रमांक दिले की साध्या वजाबाकीची होतात. प्रश्न एवढाच, की 'दिवस-महिना-वर्ष' या त्रिकुटावरून तो क्रमांक काढायचा कसा? महिने कधी ३० दिवसांचे, कधी ३१चे, आणि फेब्रुवारी तर वर्षाच्या ऐन सुरुवातीला बसून कधी २८ कधी २९ होतो. तो बदलला की पुढच्या दहाही महिन्यांचा हिशेब एका दिवसाने सरकतो.

यावरची युक्ती मला प्रोग्रॅमिंगमधल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. वर्ष मार्चपासून सुरू झालं असं धरायचं. जानेवारी आणि फेब्रुवारी मागच्या वर्षाचे अकरावा आणि बारावा महिना. जुन्या रोमन कॅलेंडरातही वर्ष मार्चपासूनच सुरू व्हायचं. आता तो अडचणीचा २९वा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी गेला, त्याच्यापुढे सरकायला कुणी उरलंच नाही.

आणि मार्चपासून महिन्यांचे दिवस मांडून पाहा: ३१, ३०, ३१, ३०, ३१. पुढचे पाच महिने, ऑगस्ट ते डिसेंबर: पुन्हा ३१, ३०, ३१, ३०, ३१. दर पाच महिन्यांचे १५३ दिवस. त्यामुळे बारा महिन्यांची यादी लक्षात ठेवायची गरजच उरत नाही. मार्चला ०, एप्रिलला १, असे फेब्रुवारीला ११पर्यंत क्रमांक द्या. महिन्याच्या क्रमांकाला १५३ने गुणा, २ मिळवा, ५ने भागा आणि अपूर्णांक टाकून द्या. त्या महिन्याआधी किती दिवस गेले ते मिळतं. एप्रिलसाठी १५५ भागिले ५, म्हणजे ३१. मेसाठी ३०८ भागिले ५, म्हणजे ६१. मुठीच्या उंचवट्यांवर आपण जो चढउतार मोजतो, तो एका भागाकाराच्या टाकून दिलेल्या अपूर्णांकातून आपोआप बाहेर पडतो. बाराही महिने स्वतः करून पाहा, एकही चुकत नाही.

आता पूर्ण उदाहरण. १ मे १९६०, महाराष्ट्राच्या स्थापनेचा दिवस. १९६० गुणिले ३६५ म्हणजे ७,१५,४००. ४ने भाग देऊन लीप दिवस ४९०, त्यातून शतकांचे १९ वजा, ४००च्या पटीतले ४ परत मिळवले: ७,१५,८७५. मेआधीचे ६१ आणि महिन्यातला पहिला दिवस: ७,१५,९३७. याला ७ने भागलं की बाकी ५ उरते. या मोजणीत बाकी ० म्हणजे मंगळवार, म्हणून ५ म्हणजे रविवार. याच रीतीने, जानेवारी मागच्या वर्षात जातो म्हणून वर्ष १९६९ धरून, १ जानेवारी १९७०चा क्रमांक ७,१९,४६९ येतो. बऱ्याच संगणकप्रणाली वेळ मोजतात ती याच दिवसापासून. त्यामुळे महाराष्ट्राची स्थापना त्या शून्याच्या ३,५३२ दिवस आधी झाली, हे एका वजाबाकीत कळतं.

जाता जाता अंकज्योतिषाबद्दल. १-५-१९६०च्या अंकांची बेरीज २२, म्हणजे 'भाग्यांक' ४. भारत सरकारने १९५७ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत हाच दिवस ११ वैशाख १८८२ आहे. वैशाख दुसरा महिना, म्हणून ११-२-१८८२: बेरीज २३, भाग्यांक ५. दिवस एक, सूर्य एक, आणि भाग्यं दोन. तारीख हे माणसाने दिवसाला लावलेलं लेबल आहे, त्या लेबलाच्या अंकांत भविष्य साठत नाही.

लेबल वाचताना मात्र संगणकाची खरी परीक्षा असते. ०३/०४/२०२५ म्हणजे भारतात ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. आकड्यांकडे कितीही बघितलं तरी खरं कुठलं हे कळत नाही. म्हणूनच तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या १९८८च्या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०४-०३. यात आणखी एक सोय आहे. या तारखा नुसता मजकूर समजून क्रमाने लावल्या तरी कालक्रम बरोबर येतो.

अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर किती नुकसान करतं, हे जनुकशास्त्रज्ञांना विचारा. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' ही मानवी जनुकांची नावं होती. एक्सेलमध्ये ती टाकली की त्यांच्या १ मार्च आणि २ सप्टेंबर अशा तारखा व्हायच्या, आणि हा बिघाड छापील शोधनिबंधांच्या तक्त्यांपर्यंत पोचला. अखेर २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलून 'मार्चएफ१', 'सेप्टिन२' केली. याच एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीखही आहे. लोटस १-२-३ या तशाच आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये १९०० चुकून लीप धरलं होतं, आणि त्याच्याशी हिशेब जुळावा म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली गेली.

कालावधीचं प्रकरण याहून अवघड, कारण 'एक महिना' ही ठरावीक लांबीच नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर काय येईल? जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली जुनी पद्धत '३१ फेब्रुवारी' धरून पुढे घसरते आणि साध्या वर्षी ३ मार्चला पोचते. इतर कित्येक साधनं २८ फेब्रुवारीवर थांबतात. थांबलं तरी पेच संपत नाही: तिथून आणखी एक महिना म्हणजे २८ मार्च, पण ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. 'एक दिवस'सुद्धा नेहमी २४ तासांचा नसतो. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांशी बोलायची वेळ मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये एका तासाने का बदलते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हेही पटेल: तिथे घड्याळ पुढे करतात तो दिवस २३ तासांचा असतो, मागे घेतात तो २५चा.

जावास्क्रिप्टच्या नव्या 'टेम्पोरल' सोयीत म्हणूनच ठरावीक क्षण, भिंतीवरची तारीख आणि कालावधी हे तीन वेगवेगळे प्रकार केले आहेत. ३१ जानेवारीत महिना मिळवला तर ती २८ किंवा २९ फेब्रुवारी देते. तसं चालणार नसेल, तर प्रोग्रॅमरने आधीच बजावायचं, आणि मग ती तारीख न देता चूक दाखवून थांबते.